फोटोमागचं गाव

आमच्या आजीच्या एका फोटोमागे पेन्सिलीने ‘नाशिक’ लिहिलेलं होतं. घाटाच्या पायरीवर आजी, शेजारी एक बाई, मागे देऊळ. त्या एका शब्दावरून घरात सगळं ठरलं: नदी गोदावरी, आणि शेजारच्या बाई म्हणजे नाशिकची मावशी. कौटुंबिक स्मरणिकेत तसं छापूनही आलं. पुढे वाईचे एक पाहुणे आले आणि त्यांनी देवळावर बोट ठेवलं. “नाशिक कुठलं? हा आमचा ढोल्या गणपती.” कृष्णेच्या पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून या देवळाची मागची भिंत माशासारखी निमुळती बांधलेली आहे. फोटोत ती स्पष्ट दिसत होती. शेजारच्या बाई निघाल्या आजीच्या वाईच्या नणंदबाई. त्यांचा आमच्याकडे असलेला हा एकुलता एक फोटो, तोही दुसरीच्या नावाने छापला गेला, याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून सांगते, मागचा मजकूर आधी वाचूच नका. तो बहुतेकदा बऱ्याच वर्षांनी, भलत्याच कुणीतरी लिहिलेला असतो. स्टुडिओचा शिक्काही फोटो धुतला कुठे एवढंच सांगतो.

पहिल्यांदा फोटो उलटा छापलेला नाही ना, ते बघा. आपल्याकडे पदर डाव्या खांद्यावर असतो, पुरुषांच्या शर्टाची बटणं उजव्या अंगाला. सगळ्यांचंच उलट दिसत असेल तर निगेटिव्ह उलटी लागली आहे. मग मागच्या डोंगराची रेघ कितीही ताडून पाहिली तरी जुळायची नाही.

जागा ठरवायची ती न हलणाऱ्या गोष्टींवरून: डोंगरमाथा, देवळाचा कळस, नदीचं वळण. एमएच १२ची गाडी पुण्याची खरी, पण ती महाबळेश्वरातही उभी असते. तिच्यावरून कळतो तो काळ, कारण ‘एमएच’ची पाटी १९८८च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. आणि ‘अगदी तिथलंच वाटतं’ यावर तर मुळीच जाऊ नका. ‘गंगाजल’ चित्रपटात बिहार म्हणून दिसतो तो वाईचाच परिसर आहे.

फोटो मोठा स्कॅन करून, ज्या गावचा वाटतो त्या गावच्या म्हाताऱ्या माणसांना दाखवा, पण आपला अंदाज आधी सांगू नका. मान राखायला लोक ‘हो’ म्हणून टाकतात. ठिकाण पटलं की मागे मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहा: गाव, कुणी ओळखलं, कशावरून. जुना मजकूर खोडू नका. खात्री नसेल तर ‘बहुधा’ जरूर लिहा.