थंडी काढलेली गाय

खरसुंडीच्या जत्रेत आजोबा खिलार खोंडाचे दात बघायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि मगच किमतीचं बोलायचे. कॅनडातल्या सस्कॅचेवानमध्ये मांसासाठी गुरं पाळायला लागून मला १२ हिवाळे झाले. उणे ४० अंशांची थंडी आजोबांना ठाऊक नव्हती, पण जनावर हाताने पारखायची त्यांची सवय मला इथे उपयोगी पडली. नवा कळप उभा करणाऱ्यांसाठी हे अनुभवाचे बोल.

१. जात नंतर, हिवाळा आधी.
जन्मतःच बिनशिंगी काळी अँगस, पांढऱ्या तोंडाची तांबडी हेरफर्ड, दुहेरी केसांची गॅलोवे, या सगळ्या जाती इथे चांगल्या रुळल्या आहेत. पहिल्या वर्षी मी नुसतं जातीचं नाव बघून उबदार भागातून आठ अँगस कालवडी आणल्या, त्याही नोव्हेंबरात. अंगावर हिवाळी केस आलेच नव्हते. जानेवारीत त्यांच्या बरगड्या मोजता येत होत्या. आता विकणाऱ्याला माझा पहिला प्रश्न असतो: हिने किती हिवाळे उघड्यावर काढलेत?

२. पाठीवरचा बर्फ बघा.
हे शेजारच्या शेतकरी आजींनी शिकवलं. बर्फ पडून गेल्यावर पहाटे कळपात जा. ज्या गाईच्या पाठीवर बर्फ न वितळता बसलेला दिसतो, तिच्या अंगातली ऊब केसांखालीच राहिलेली असते. केसांत बोटं घातली की वर राठ केस, आत मऊ लव आणि कातडीजवळ चक्क गरम लागतं. पाठीवर बर्फाचं पाणी होत असेल, तर ऊब वाया चालली आहे. दाट, कोरड्या केसांची, अंगाने भरलेली गाय साधारण उणे ८ अंशांपर्यंत नेहमीच्या वैरणीवर तगते. तेच केस भिजले, तर १५ अंशांतही तिला जादा चारा लागतो. म्हणून छपरापेक्षा वाऱ्याचा आडोसा आणि कोरडा पेंढा आधी बघा.

३. सुरुवातीला पहिलारू नको.
दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गाई घ्या, आणि डॉक्टरकडून गाभण असल्याची खात्री करूनच घ्या. जाणती गाय वासरू लगेच चाटून कोरडं करते, त्याला उभं करते, चीक पाजते. माझी एक कालवड फेब्रुवारीच्या रात्री व्याली आणि गांगरून बाजूला झाली. मी पोहोचेपर्यंत वासराचे ओले कान गोठले होते. वासरू वाचलं, पण कानांची टोकं झडली. तेव्हापासून गाई एप्रिल-मेमध्ये व्याव्यात असंच वेळापत्रक ठेवलं आहे.

४. कास आणि खूर हाताने बघा.
सड आखूड आणि बेताचे हवेत. जाडजूड, लोंबते सड थंडीने कुडकुडणाऱ्या वासराच्या तोंडात मावत नाहीत. गोठलेल्या जमिनीवर पाणी आणि वैरणीपर्यंत रोज चालायचं असतं, तेव्हा खूर धड नसलेली गाय स्वस्तातही नको.

५. गरीब गाय निवडा.
रात्री अंधारात, एकट्याने तिच्या वासराला हात लावायची वेळ येते. मारकुटी गाय तेव्हा जीव घेईल.

६. वळूची परीक्षा वसंतात.
त्याची वासरं जन्मताना लहान असतील, असा वळू बघा. कडक थंडीत वळूचं अंड हिमदंशाने दुखावू शकतं. बाहेरून वळू धडधाकट दिसतो आणि गाई मात्र रिकाम्या राहतात. म्हणून गाईंत सोडण्याआधी डॉक्टरकडून वीर्य तपासून घ्या. २५ गाईंना एक जाणता वळू पुरतो.

७. आधी वैरण मोजा, मग गाई.
६०० किलोच्या गाईला दिवसाला १२ ते १५ किलो वाळलं गवत लागतं. २०० दिवसांचा हिवाळा धरला, तर एका गाईला अडीच-तीन टन. गंजी दहा गाईंची असेल, तर अकरावी घेऊ नका.

ही जनावरं मी मांसासाठी पाळतो, हे मी कधी विसरत नाही. म्हणूनच जगतील तोवर त्यांचे हाल होऊ नयेत, ही जबाबदारी माझी. ते कान झडलेलं वासरू कालवड होती. आज ती चौथ्या वेताची गाय आहे. परवा पहाटे तिच्या पाठीवर चार बोटं बर्फ होता आणि ती शांतपणे रवंथ करत बसली होती.