‘मास’ : एक उच्चार, दोन शब्द



आपण रविवारी ‘मास’ला जातो. सोमवारी विज्ञानाच्या तासाला आपली मुले ‘मास’ म्हणजे वस्तुमान असे शिकतात. परीक्षेच्या दिवसांत वर्तमानपत्रात ‘मास कॉपी’च्या बातम्या येतात. स्पेलिंग तेच, उच्चारही तोच. मग मिस्सा, वस्तुमान आणि जमाव यांचे नाते काय? खरे पाहता इंग्रजीत हे दोन निराळे शब्द आहेत. त्यांची मुळे वेगळी असून वाटेत त्यांचे रूप सारखे झाले. (मराठीतला महिना या अर्थाचा ‘मास’ संस्कृतातला. त्याचा या दोघांशी संबंध नाही.)

कणकेचा गोळा

वस्तुमानाचा ‘मास’ स्वयंपाकघरातून आला आहे. ग्रीक भाषेत जवाच्या पिठाच्या भाकरीसाठी एक शब्द होता. तो लॅटिनमध्ये ‘मास्सा’ झाला आणि त्याचा अर्थ झाला मळलेल्या पिठाचा गोळा. पुढे कोणत्याही गोळ्याला, ढिगाला आणि शेवटी माणसांच्या मोठ्या समुदायालाही हाच शब्द लागू झाला. १६८७ साली न्यूटनने आपल्या लॅटिन ग्रंथात पदार्थाच्या परिमाणासाठी हे नाव वापरले. चंद्रावर आपले वजन सहाव्या हिश्शाएवढे भरेल, पण ‘मास’ तेवढेच राहील.

पाठवणी

आपल्या उपासनेचा ‘मास’ मात्र लॅटिन ‘मिस्सा’वरून आला. त्याचे मूळ ‘पाठवणे’ या अर्थाच्या क्रियापदात आहे. मिशन, मिशनरी, डिसमिस, प्रॉमिस, एवढेच काय, मिसाइल हे शब्दही त्याच कुळातले. लॅटिन मिस्साविधीच्या शेवटी धर्मगुरू ‘ईते, मिस्सा एस्त’ असे म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ ‘जा, पाठवणी झाली’ असा होतो.

चौथ्या शतकात मिलानचे बिशप संत अंब्रोज यांच्या पत्रात हा शब्द उपासनेसाठी आलेला दिसतो. सातव्या शतकातले सेव्हिलचे संत इसिदोर सांगतात की, बाप्तिस्म्याची तयारी करणाऱ्या दीक्षार्थींना विधीच्या मध्यावर बाहेर पाठवीत, त्यावरून हे नाव पडले. काहीही असो, निरोपाच्या शब्दावरून संपूर्ण विधीला नाव मिळाले.

जुन्या इंग्रजीत त्याचे ‘मॅस्से’ झाले आणि सणांच्या नावांना ते जोडले गेले. ख्रिसमस म्हणजे ख्रिस्ताची मिस्सा. २९ सप्टेंबरचा ‘मिकलमस’ ही संत मायकलची मिस्सा. १ ऑगस्टचा ‘लॅमस’ म्हणजे ‘भाकरीची मिस्सा’. त्या दिवशी नव्या गव्हाची पहिली भाकरी इंग्लंडमधील लोक चर्चमध्ये आणीत. आपण मात्र ‘मिस्सा’ हे रूप जसेच्या तसे ठेवले. पोर्तुगीज भाषेतही तो शब्द तसाच आहे आणि वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. ‘नाताळ’ हा शब्दही आपल्याला पोर्तुगीजांकडूनच मिळाला. त्याचा अर्थ जन्म.

आपल्यासाठी बोध

मराठीत ‘पाठवणी’ म्हटले की लग्नघर डोळ्यांसमोर येते. मुलीची पाठवणी झाली म्हणजे सारे संपले असे कुणी मानत नाही. तिचा संसार तिथून सुरू होतो. मिस्साच्या पाठवणीचेही तसेच आहे. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ सालच्या आपल्या पत्रात याच शब्दाकडे लक्ष वेधले होते. या निरोपात ख्रिस्तसभेचे प्रेषितकार्य सामावलेले आहे, असे त्यांनी समजावले. २००८ साली त्यांच्या संमतीने निरोपाची नवी वाक्येही मिळाली. त्यांतील एकात प्रभूचे शुभवर्तमान घोषित करण्यास जा, असे सांगितले आहे.

कम्युन्यन घेतल्यावर लगेच पार्किंगकडे वळणारी पावले आपल्याही चर्चमध्ये दिसतात. गर्दी टळते, दहा मिनिटे वाचतात. पण ज्या शब्दावरून मिस्साला नाव मिळाले, नेमका तोच ऐकायचा राहून जातो.

हे दोन निराळे शब्द एका ठिकाणी मात्र जवळ येतात. संत पौलाने थोडेसे खमीर सारा गोळा फुगवते असे बजावले, तेथे व्हल्गेट या लॅटिन बायबलमध्ये गोळ्यासाठी ‘मास्सा’ हाच शब्द आहे. पौलाने तो वाईटाच्या फैलावाबद्दल इशारा म्हणून वापरला. प्रभू येशूने मात्र पिठात मिसळलेल्या खमिराचा दाखला स्वर्गाच्या राज्यासाठी दिला. डब्यात ठेवलेले खमीर पीठ फुगवत नाही, ते पिठात मिसळावे लागते. मिस्सातून पाठवलेल्यांनी ‘मास’मध्ये, म्हणजे लोकांत, शेजाऱ्यापाजाऱ्यांत, बाजारात, कचेरीत मिसळायचे आहे.

चिंतनासाठी

१. अंतिम आशीर्वाद आणि निरोप होईपर्यंत मी थांबतो का?
२. आजच्या मिस्सातून मला कोणाकडे पाठवले आहे? आजारी शेजारी, बोलणे तुटलेला भाऊ की एकटे राहणारे म्हातारे माणूस?