कल्पित लोकांचा इतिहास

गेल्या सत्रांत नववीच्या वर्गांतील एका विद्यार्थ्यानें आपली एक वही मला वाचावयास दिली. पहिल्या पानावर त्यानें एका कल्पित देशाचा नकाशा काढिला होता. पश्चिमेस समुद्र, मध्यें डोंगरांची रांग, पूर्वेस सपाट मुलूख व त्यांतून वाहणाऱ्या दोन नद्या. नकाशा फार सुबक होता. पुढें त्या देशांत राहणाऱ्या पांच लोकांचें वर्णन होतें. चार लोकांस दोन-दोन पानें दिलेलीं होतीं. त्यांचे राजे, त्यांच्या लढाया, त्यांचे सण, सर्व कांहीं त्यांत होतें. पांचव्या, म्हणजे डोंगरांत राहणाऱ्या लोकांविषयीं मात्र एकच ओळ होती : "हे लोक जन्मतःच क्रूर व चोर असतात." मीं त्यास विचारलें, "अरे, ह्यांचा इतिहास कोठें आहे?" तो म्हणाला, "सर, त्यांना इतिहास कशाला? ते फक्त मारण्यासाठीं आहेत."

त्यास रागें भरण्याचें कांहीं कारण नव्हतें. त्याचें उत्तर प्रामाणिक होतें, आणि ज्या खेळासाठीं त्यानें ती वही तयार केली होती, त्या खेळानेंच पुष्कळ वर्षें मुलांस तसें शिकविलें होतें. परंतु तें वाक्य माझ्या मनांतून जाईना. विद्यार्थिमित्रहो, त्यावरून जें सुचलें तें येथें मांडीत आहें.

ज्या पालकांस हा खेळ ठाऊक नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. चार-पांच मुलें एका मेजाभोंवतीं बसतात. त्यांपैकीं एक सूत्रधार होतो व बाकीचीं एकेक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो. आपलें पात्र आतां काय करील तें प्रत्येकजण बोलून दाखवितो. आणि काम जोखमीचें असेल तर तें साधलें कीं फसलें हें फांसा टाकून, बहुधा वीस बाजूंच्या फांशानें, ठरवितात. अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन ह्या दोघांनीं १९७४ सालीं 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' ह्या नांवानें हा खेळ प्रथम छापिला; पहिल्या खेपेस अवघ्या एक हजार प्रती काढिल्या होत्या. आज ह्या खेळासाठीं छापील देश विकत मिळतात, पण पुष्कळ मुलांस आपला देश आपणच रचावयास आवडतो. खरें सांगावयाचें तर मलाहि आरंभीं हा सर्व काळाचा अपव्यय वाटला होता. वही वाचल्यावर तसें वाटेनासें झालें.

हा छंद आजकालचाहि नव्हे. इंग्लंडांतील यॉर्कशर परगण्यांत हॉवर्थ नांवाचें गांव आहे. तेथील पाळक पॅट्रिक ब्राँटे ह्यांनीं १८२६ सालच्या जून महिन्यांत लीड्स शहराहून आपल्या मुलासाठीं बारा लांकडी शिपायांची एक पेटी आणिली. शार्लट दहा वर्षांची, ब्रॅनवेल नऊ वर्षांचा होत आलेला, एमिली सात वर्षांची व ॲन सहा वर्षांची. ह्या चौघांनीं त्या शिपायांस नांवें दिलीं, त्यांस जहाजांत बसवून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरविलें, तेथें 'ग्लास टाउन' नांवाचें नगर वसविलें, आणि मग वर्षानुवर्षें त्या नगराचे इतिहास, वर्तमानपत्रें व नकाशे काडेपेटीएवढ्या इवल्या वह्यांतून मुंगीच्या पावलांसारख्या अक्षरांत लिहून काढिले. शिपायांच्या हातांस साजेल एवढीच वही हवी, हा त्यांचा हिशेब. पुढें एमिली व ॲन ह्यांनीं गोंडल नांवाचें निराळें बेट कल्पिलें, आणि शार्लट व ब्रॅनवेल ह्यांनीं अँग्रिया नांवाचें राज्य. १८४७ सालीं 'जेन आयर' व 'वदरिंग हाइट्स' हीं पुस्तकें निघालीं तेव्हां लोकांस वाटलें कीं ह्या लेखिका एकाएकीं कोठून आल्या! परंतु त्यामागें वीस वर्षांची तालीम होती.

त्या वह्यांतली एक गोष्ट आपल्या विषयाशीं जुळते. मुलांनीं जो किनारा निवडिला तेथें खरोखरच आशांती लोकांचें राज्य होतें. आज तो मुलूख घाना देशांत येतो. १८२४ सालीं इंग्रज गव्हर्नर मॅकार्थी त्यांच्याशीं लढतांना मारला गेला होता, व आफ्रिकेच्या वार्ता घरीं येणाऱ्या मासिकांतून मुलांच्या कानीं पडत. म्हणून आशांती हे गोष्टींत आले ते शत्रु म्हणून. परंतु पुढें मुलांनीं क्वाशिया नांवाचा एक आशांती राजपुत्र कल्पिला. त्याचा बाप युद्धांत पडतो, जेत्याच्या घरींच हा पोरका मुलगा वाढतो, आणि मोठा झाल्यावर आपला मुलूख परत मिळविण्यासाठीं उठतो. मुलांची सहानुभूति त्याच्याकडे फारशी नव्हती. त्यास त्यांनीं खलपुरुषच ठेविलें. तरी ज्या क्षणीं शत्रूला बाप मिळाला, गेलेलें घर मिळालें, त्या क्षणीं त्यांच्या गोष्टीला वजन आलें. केवळ शत्रु होता तोंवर तो लांकडी शिपायाहूनहि लांकडी होता.

आतां कल्पित लोकांचा इतिहास रचावा कसा? बहुतेक मुलें राजांच्या यादीपासून आरंभ करितात. दहा हजार वर्षें एकच घराणें राज्य करीत आहे, आणि त्या दहा हजार वर्षांत नांगराचा फाळसुद्धां बदललेला नाहीं! पंचवीस वर्षांची एक पिढी धरिली तर दोनशें वर्षांत आठ पिढ्या होतात. आपल्या आजीला तिच्या आजीनें सांगितलेलें आठवतें. त्यापलीकडचें पुसट होतें, आणि त्याच्याहि मागचें देवांच्या गोष्टींत मिसळून जातें. म्हणून दोन-तीनशें वर्षांचा इतिहास नीट रचिला तरी तो एका खेळास पुरून उरतो.

राजांऐवजीं जमिनीपासून आरंभ करावा. त्याच वहींतला नकाशा घ्या. समुद्रकांठीं मिठागरें असतील. पूर्वेच्या सपाटीवर ज्वारी-गहूं पिकत असेल. मग मिठाला वर चढावें लागेल व धान्याला खालीं उतरावें लागेल, आणि दोहोंची वाट डोंगरांतल्या एकाच खिंडीतून असेल. खिंडीत कोण राहतें? तेच ते एका ओळीचे लोक. उतारावरच्या पातळ मातींत त्यांची नाचणी चार-पांच महिने पुरत असेल. पुढें काय खातात? येथें इतिहास सुरू झाला. कोण्या जुन्या राजानें त्यांस सांगितलें असेल कीं खिंड राखा, व्यापाऱ्यांचे तांडे सुखरूप उतरवून द्या, आणि दर तांड्यामागें इतकें धान्य, इतकें मीठ घ्या. तीन पिढ्या तसें चाललें. मग किनाऱ्यावर नवें घराणें आलें. त्याच्या कारभाऱ्यानें दप्तर चाळलें, कोठेंहि लेख सांपडला नाहीं, आणि हक्क बंद केला. त्या वर्षीं डोंगरांतल्या लोकांनीं आपला वांटा स्वतःच्या हातानें घेतला. किनाऱ्यावर त्या दिवसापासून त्यांचें नांव 'चोर' पडलें. डोंगरांत मात्र म्हणतात कीं, चोरी प्रथम कोणीं केली तें आम्हांस ठाऊक आहे.

हें मीं केवळ हवेंतून काढलेलें नाहीं. खानदेशांतील भिल्लांकडे घाट राखण्याचीं व गांवच्या रखवालीचीं कामें होतीं व त्यांबद्दल त्यांचे ठराविक हक्क होते. ते हक्क बुडाले तेव्हां लूट वाढली. १८१८ नंतर नव्या इंग्रज अंमलानें प्रथम फौजा पाठविल्या, आणि अखेरीस पुष्कळ ठिकाणीं नेमणुका देऊन व १८२५ सालीं भिल्लांचीच एक पलटण उभारून शांतता आणिली. आपल्या प्रांताचें गॅझेटियर ज्यानें चाळलें त्याला कल्पित देश रचतांना कधींहि उणें पडणार नाहीं.

दुसरी गोष्ट अशी कीं, मोठी घटना एकदां लिहून थांबूं नये. ती दोन बाजूंनीं लिहावी. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर जें घडलें तें 'भाऊसाहेबांच्या बखरी'त वाचा, आणि मग शुजाउद्दौल्याच्या छावणींत असलेल्या काशिराज पंडितानें फारशींत लिहिलेल्या हकीकतीचें भाषांतर वाचा. रणभूमि एक, दिवस एक, परंतु भीति कोणाला कोठें वाटली, दोष कोणाचा, हें सारें बदलतें. इतकेंच नव्हे, तर भाऊसाहेब पडले हेंच पुष्कळांना पटलें नाहीं. त्यांच्या नांवाचा एक तोतया उभा राहिला, व त्याचा बंदोबस्त होईपर्यंत १७७६ साल उजाडलें. इतिहास रचणारानें अशा अफवांनाहि जागा ठेवावी. सर्व प्रश्नांचीं उत्तरें ज्यांत आहेत असा इतिहास खोटा वाटतो, कारण खऱ्या इतिहासांत तशीं तीं नसतात.

भाषेकडेहि लक्ष द्यावें. ऑक्सफर्डचे प्राध्यापक टोल्किन ह्यांनीं आपला विशाल कल्पित इतिहास रचिला तो, त्यांच्याच सांगण्याप्रमाणें, आधीं रचलेल्या भाषांना राहावयास जग हवें म्हणून. तेवढें आपल्याच्यानें होणार नाहीं. पण एकाच खिंडीला दोन लोकांनीं दोन नांवें दिलेलीं असावींत, एवढें तर कोणालाहि करतां येईल.

टोल्किन ह्यांचें नांव निघालें म्हणून एक अवघड गोष्ट सांगावी लागते. त्यांच्या ग्रंथांत ऑर्क नांवाचे दुष्ट लोक आहेत. ते कोठून आले, ह्याविषयीं ग्रंथ प्रसिद्ध झाल्यावरहि टोल्किन पुनःपुन्हां विचार करीत राहिले आणि शेवटपर्यंत त्यांचें एक मत ठरलें नाहीं. ते श्रद्धाळू कॅथलिक होते. दुष्ट शक्ति बिघडवूं शकते, परंतु स्वतः कांहीं निर्मूं शकत नाहीं, अशी त्यांची समजूत. मग एक सबंध जातच्या जात जन्मतः दुष्ट कशी, हा कांटा त्यांस टोंचत राहिला. खेळ छापणारांस तो टोंचला नाहीं. त्यांनीं ऑर्क उचलले आणि प्रत्येक प्राण्यापुढें 'सात्त्विक', 'दुष्ट' असे शिक्के छापून दिले. पुढें २०२० सालीं त्या खेळाच्या प्रकाशकांनीं जाहीर केलें कीं ऑर्क वगैरे लोकांस यापुढें इतरांप्रमाणेंच नाना स्वभावांचें दाखवूं. आणि २०२४ च्या नव्या पुस्तकांत ऑर्काचें पात्र खेळणारांस सरळ घेतां येतें. कित्येक जुन्या खेळणारांस हा बदल रुचला नाहीं. खेळांत निर्धास्त मारतां येईल असा कोणी तरी हवा, असें त्यांचें म्हणणें. तें अगदींच टाकाऊ आहे असें मी म्हणत नाहीं. संध्याकाळीं दोन घटका खेळणाऱ्या मुलाला प्रत्येक शत्रूचें चरित्र वाचावयास लावणें हाहि एक छळच.

परंतु आपल्या देशांत तें वाक्य एकेकाळीं वहींत नव्हे, कायद्यांत लिहिलेलें होतें. १८७१ सालीं येथें गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, व १९११ च्या कायद्यानें तो मुंबई इलाख्यासहि लागू झाला. सरकारनें एखाद्या जमातीचें नांव जाहीर केलें कीं तींतील माणसांचीं नांवें पोलिसांच्या नोंदींत जात, त्यांस हजेरी द्यावी लागे, परवान्यावांचून गांव सोडतां येत नसे. गुन्हा कोणता, हें विचारण्याचें कारण नव्हतें. जन्म पुरे होता. पुष्कळांस तारेच्या कुंपणांतील वसाहतींत ठेविलें होतें, आणि त्यांतील कांहीं वसाहतींचा कारभार मिशनांकडे होता, हेंहि मला सांगितलें पाहिजे. तेथें शाळा निघाल्या, हस्तव्यवसाय शिकविले गेले; परंतु कुंपण तें कुंपणच. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला. त्या जमातींस आज 'विमुक्त' म्हणतात, आणि कोठें चोरी झाली कीं पहिला संशय अजूनहि त्यांच्याच पालावर जातो.

त्या विद्यार्थ्याला मीं एवढें सर्व सांगितलें नाहीं. त्याच्या वहींतील त्या ओळीखालीं पेन्सिलीनें लिहिलें, "हें वाक्य कोणीं लिहिलें? किनाऱ्यावरच्या माणसानें, कीं डोंगरांतल्या?" आणि वही परत दिली.

नाताळच्या सुटीनंतर त्यानें ती पुन्हां आणिली. ती ओळ त्यानें खोडली नव्हती. तिच्यापुढें 'किनाऱ्याच्या दप्तरांतून' असें मात्र लिहिलें होतें. मग डोंगरांतल्या लोकांचीं चार पानें. किनाऱ्यावरचे लोक जिला 'चोरखिंड' म्हणतात तिला हे 'आजीची वाट' म्हणतात, कारण दुष्काळाच्या वर्षीं एक म्हातारी उरलेल्या पोरांस घेऊन ह्याच वाटेनें वर आली होती. सुटींत त्याचे सोबती खेळतां खेळतां त्या खिंडीशीं पोंचले आणि तीन संध्याकाळ दर तांड्यामागें किती पायल्या धान्य द्यावें ह्यावर भांडत बसले. एकजण तर कंटाळून घरीं गेला, असेंहि त्यानें मला खिन्नपणें सांगितलें. आतां हक्क बंद करणाऱ्या त्या कारभाऱ्याची बाजू लिहावयाची राहिली आहे. त्यासाठीं त्यानें शेवटचीं दोन पानें कोरीं ठेविलीं आहेत.