तंबोऱ्याचे दोष व त्याची पारख

गेल्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या सायंकाळी रंगमंचावर दोन वाद्ये एकाच वेळी रुसली. दहावीतील एका विद्यार्थ्याची विजेवर चालणारी गिटार अखंड गुणगुणू लागली, आणि ईशस्तवनासाठी आणलेला तंबोरा काही केल्या गुणगुणेना. एकीतून नको तो आवाज येत होता, दुसऱ्यातून हवा तो येत नव्हता. वाद्याचा दोष कसा हुडकावा हे त्या सायंकाळी आम्ही थोडेसे शिकलो. आणि वाद्य खरे की खोटे हे कसे पाहावे, ते पुढील काही महिन्यांत आम्हांस शिकणे भाग पडले. तो वृत्तान्त विद्यार्थिमित्रांपुढे व त्यांच्या घरच्या मंडळींपुढे ठेवीत आहोत. आम्ही कलाशाखेचे, तेव्हा शास्त्राचा भाग आमच्या विज्ञानशिक्षकांकडून समजावून घेतला आहे, हे आधीच सांगून टाकतो.

गिटारीचे प्रकरण लवकर मिटले. या गिटारीच्या पोलादी तारांखाली लोहचुंबक असतात व त्यांभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलते, वेटोळ्यात सूक्ष्म विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, आणि ध्वनिवर्धक तोच प्रवाह मोठा करून आपल्याला ऐकवितो. परंतु हे वेटोळे मोठे भोळे असते. भोवतालच्या विजेच्या तारांतून सेकंदाला 50 आवर्तने करणारा प्रवाह वाहत असतो, त्याची चाहूलही ते तितक्याच निष्ठेने टिपते. मुलाने तारांवर हात ठेवला की गुणगुण कमी होई. यावरून तारांचे अर्थिंग शाबूत आहे हे कळले. मग जोडणीची केबल तेवढी बदलून पाहिली. मध्येच होणारी खरखर थांबली, गुणगुण उरली. नंतर गिटार रंगमंचावरील दिव्यांच्या नियंत्रकापासून दूर नेली, आणि उरलेली गुणगुणही जवळजवळ नाहीशी झाली. येथे एक सूचना आवश्यक आहे. तारांना हात लावताच झिणझिण्या आल्या, तर वाजविणे सोडून प्रथम बटण बंद करावे व प्लग काढावा. आणि ध्वनिवर्धक तर विद्यार्थ्यांनी कधीही उघडू नये, कारण प्लग काढल्यावरही त्याच्या पोटात काही काळ विजेचा साठा राहू शकतो.

या खटपटीत एक नियम हाती लागला: एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि दोष गेला, तर तो कशाने गेला हे कोणासच सांगता येत नाही. हाच नियम घेऊन आम्ही तंबोऱ्याकडे वळलो, आणि तेथे पहिल्याच पावलाला अडखळलो. गिटारीची तार कोठे घासून झणझणू लागली, तर तो दोष समजतात. तंबोऱ्याची तार घोडीवर घासून झणझणली नाही, तर तो दोष! वाद्याने काय करावयाचे असते हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने त्याचा दोष कसा शोधावा?

तंबोऱ्याची घोडी अरुंद धारेची नसते. ती रुंद असून तिचा माथा किंचित उतरता असतो. कंप पावणारी तार त्या उतारावर क्षणोक्षणी टेकते व सुटते. तार आणि घोडी यांच्यामध्ये एक सुती दोरा सरकवितात. तो नेमक्या जागी आला की साधा ‘टण्’ असा आवाज उमलतो व त्यातून स्वरांची एक झालर बाहेर पडते. हीच जवारी. हिचे नवल आपल्या देशातील एका थोर शास्त्रज्ञालाही वाटले. तार ज्या बिंदूवर छेडावी, तेथे ज्या उपस्वरांचे स्थिर बिंदू येतात ते उपस्वर त्या तारेतून उमटू नयेत, असा यंग व हेल्महोल्ट्झ यांचा नियम आहे. तंबोरा व वीणा या नियमास जुमानीत नाहीत. न उमटावयाचे उपस्वरही त्यांतून स्पष्ट ऐकू येतात, आणि त्याचे कारण घोडीच्या घडणीत आहे, असे चंद्रशेखर वेंकट रामन यांनी 1921 साली दाखवून दिले. नोबेल पारितोषिक त्यांना पुढे 1930 मध्ये प्रकाशासंबंधीच्या शोधासाठी मिळाले. पण त्याआधी बरीच वर्षे ते आपल्या वाद्यांना कान लावून बसले होते, हे आमच्या फार थोड्या विद्यार्थ्यांना माहीत असते.

आता आमच्या तंबोऱ्याकडे येऊ. शाळेचा स्वतःचा तंबोरा तेव्हा नव्हता. आठवीतील एका विद्यार्थिनीच्या आजींनी आपल्या लग्नाच्या वेळचा तंबोरा विश्वासाने पाठविला होता. तो कित्येक वर्षे गवसणीतून बाहेर निघाला नव्हता. शहरातील एका दुकानदाराने पूर्वी तो पाहून, “भोपळा मेला आहे, आता शोभेला ठेवा, नाहीतर मला द्या,” असे सांगितले होते, आणि आजींनी ते मुकाट्याने मनाशी धरून ठेवले होते.

आमच्या संगीतशिक्षिका बाईंनी तंबोरा मांडीवर घेतला व प्रथम चारही तारा सैल न करता एकेक छेडून ऐकली. चारही तारा बद्द वाजत होत्या. एकच तार बद्द वाजली तर संशय त्या तारेवर जातो. सगळ्याच वाजल्या तर तो घोडीवर, दोऱ्यावर किंवा भोपळ्यावर जातो. बाईंनी भोपळ्यावर बोटाच्या पेराने हलकेच ठिकठिकाणी टकटक केली. तडा गेलेला भोपळा त्या जागी फुटक्या मडक्यासारखा वाजतो. हा सर्वत्र एकसारखा वाजला. म्हणजे भोपळा जिवंत होता! मग घोडी पाहिली, तर दोरे कधीच कुजून गेलेले, आणि माथ्यावर धूळ व जुने तेल यांचा थर. कोरड्या मऊ फडक्याने तो पुसला, शिवणाच्या रिळातील पांढरा सुती दोरा तारांखाली घातला, आणि बाई तो केसाकेसाने पुढे-मागे सरकवू लागल्या. जोडाच्या तारा बोलू लागल्या तेव्हा रंगमंचावरची सतरंजी अंथरणारी मुले काम सोडून जवळ आली.

पंचमाची तार मात्र अद्याप चिरकत होती. ती चिरचिर घोडीकडून येते असे आम्हांस वाटले. पण बाईंनी खाली तार जेथे अडकविलेली असते तेथील मण्यावर बोट दाबले, आणि ती थांबली. मणी झिजून सैल झाला होता. असे उपद्रव पुष्कळ असतात: तबलीवरील नक्षीची निसटलेली पट्टी, दांडीतली बारीक भेग, फार काय, गायकाच्या हातातील बांगडीसुद्धा! संशयाच्या जागी बोट दाबून ऐकणे हा त्यावर सोपा उपाय.

खुंट्यांचे दुखणे ऋतूप्रमाणे बदलते. हैदराबादच्या उन्हाळ्यात लाकूड आक्रसते आणि खुंटी घसरते. पावसाळ्यात ते फुगते आणि खुंटी हलत नाही. घसरणाऱ्या खुंटीला खडूची पूड लावावी. शिक्षकांच्या घरी हे औषध विकत आणावे लागत नाही. फुगलेल्या खुंटीशी मात्र झटापट करू नये. वाद्य दोन दिवस कोरड्या हवेच्या खोलीत ठेवावे.

एक गोष्ट घरी कोणीही करू नये, ती म्हणजे घोडी घासणे. वर्षानुवर्षे तारांच्या घर्षणाने घोडीवर चरे पडतात, मग दोरा कोठेही ठेवला तरी जवारी लागत नाही. तेव्हा माथा पुन्हा घडवावा लागतो, यास जवारी काढणे म्हणतात. एकदा अधिक घासली गेलेली घोडी पूर्ववत होत नाही. ते कारागिराचे काम, आणि त्या कामाचे माहेर मिरज.

मिरजेत हा व्यवसाय एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास रुजला. शिकलगार, म्हणजे तलवारी व भाले यांना धार लावणारी घराणी, तेथे नांदत होती. संस्थानिकांच्या लढाया संपल्या तशी शस्त्रांची मागणी ओसरली, आणि त्याच हातांनी तंतुवाद्ये घडविण्यास आरंभ केला. या परंपरेच्या प्रारंभी फरीदसाहेब सतारमेकर यांचे नाव घेतात. गावात गाणेही होते. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेसच शिकले. अब्दुल करीमखाँ तेथे राहिले आणि 1937 मध्ये प्रवासात निधन पावल्यावर त्यांचा देह मिरजेस आणून मिरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन करण्यात आला. अशा गवयांचे कान समोर असताना वाईट तंबोरा खपविणे सोपे नसणार. पंढरपूर-मंगळवेढ्याकडील शेतांतून कडू भोपळे येतात, ते वाळवितात, भिजवून कापतात, आणि तुणीच्या लाकडाची दांडी व तबली बसवितात. 2024 साली मिरजेची सतार आणि मिरजेचा तंबोरा या दोहोंस भौगोलिक मानांकन मिळाले.

आता आमच्या फजितीची कथा. संमेलनानंतर मुलांनी वर्गणी काढली. कोणी खाऊचे पैसे दिले, कोणी रद्दी विकली, आणि शाळेसाठी तंबोरा घेण्यात आला. दुकानदार म्हणाला, “अस्सल मिरजेचा.” आत तसा कागदही चिकटविलेला होता. तंबोरा सुरेख दिसे, सुरेलही वाजे. दोन महिन्यांनी त्याच्या पाठीवर बाकाचा कोपरा लागून रंगाचा टवका उडाला, आणि खाली भोपळ्याच्या सालीऐवजी काचतंतूंचे पांढरे धागे दिसले. भोपळा नव्हताच, फायबरचा साचा होता.

फायबरचा तंबोरा करणे हा गुन्हा नाही. तो टिकाऊ असतो, प्रवासात फुटत नाही. पण तो भोपळ्याचा म्हणून विकणे ही लबाडी आहे. आम्ही वर्गात हे सांगत असताना तीच आठवीतील विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, तो चांगला वाजतो ना? मग खोटा कसा?” प्रश्न टाळण्यासारखा नव्हता. आम्ही म्हटले, “आवाजाने तो खोटा नाही, बाळ. पावतीने खोटा आहे. ज्या शेतकऱ्याने भोपळा पिकविला नाही आणि ज्या कारागिराने तो घडविला नाही, त्यांच्या नावावर आपले पैसे घेतले गेले.” तिचे पुरते समाधान झाले असे दिसले नाही. आमचेही त्या दिवशी झाले नव्हते.

कारण सामग्री बदलली की वाद्य खोटे, असेही म्हणता येत नाही. आम्हां कोंकणी माणसांच्या घुमटाचेच पाहा. मातीच्या घुमटाला पूर्वी घोरपडीचे कातडे लावीत. वन्यप्राणी संरक्षणाचा 1972 चा कायदा आल्यावर ते निषिद्ध झाले व बकऱ्याचे कातडे आले. आणि 2019 मध्ये गोवा सरकारने त्याच घुमटास वारसा-वाद्य म्हणून मान दिला. हस्तिदंताच्या घोडीचेही तसेच. आज कोणी नवी हस्तिदंती घोडी देऊ करील, तर ती खोटी असली तरी वाईट आणि खरी असली तर अधिकच वाईट. बदल उघडपणे सांगितला की प्रश्न राहात नाही.

तेव्हा विकत घेताना काय पाहावे? कागद शेवटी पाहावा, तो कोणीही छापू शकतो. गिटारीच्या माथ्यावरील नाव व क्रमांक यांचीही नक्कल होते, असे आमच्या गिटारवाल्या विद्यार्थ्याने सांगितले. खरा भोपळा शेतात वाढलेला असल्याने तंतोतंत गोल नसतो. त्याची एक बाजू किंचित तरी वेगळी असते. गळ्यापाशी कोरलेली पाने लाकडातून उठली आहेत की वरून चिकटविली आहेत, हे नखाने कडेला चाचपून पाहावे. हाडाच्या पट्टीत भिंगाखाली बारीक ठिपके व रेघा दिसतात; प्लॅस्टिक एकसारखे गुळगुळीत असते. तापलेली सुई टोचून पाहण्याची जुनी रीत आहे, परंतु तिने खरे वाद्यही डागाळते. रंगाचा थर फार जाड असेल तर तो काय झाकीत आहे असे विचारावे. आणि मानांकनाचे नाव घेणाऱ्यास, घडविणारा नोंदलेला अधिकृत वापरकर्ता आहे काय, हे विचारून पावतीवर लिहवून घ्यावे. मात्र मानांकन वाद्य कोठले व कोणत्या रीतीचे एवढेच सांगते. ते गोड वाजेल याची हमी कानानेच घ्यावी लागते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही आजींचा तंबोरा घेऊन मिरजेस गेलो. त्यात कागद नव्हता, नाव नव्हते. एका वृद्ध कारागिराने तो उजेडात धरला, गळ्याच्या सांध्यावरून अंगठा फिरविला, पाने पाहिली, तबलीखाली कान लावला. “आमच्याच गावचा आहे,” ते म्हणाले. कोणाच्या हातचा, असे आम्ही उत्सुकतेने विचारले. एक मोठे नाव ऐकावयास मिळेल अशी आम्हांस आशा होती, आणि ते नाव मिळाले असते तर तंबोऱ्याची किंमतही वाढली असती. त्यांनी मान हलविली. “तसा अंदाज आहे. पण खात्री नाही, म्हणून नाव घेणार नाही.” मग त्यांनी घोडी उतरविली, आणि दुपारभर कानस, काचपट्टी व कान यांनी जवारी काढीत बसले.

हैदराबादच्या दुकानदाराने, बरीच ये-जा केल्यावर, किमतीतील फरक परत केला आणि नव्या पावतीवर ‘फायबरचा तुंबा’ असे लिहून दिले. तो तंबोरा संगीताच्या वर्गात आहे; लहान मुले त्यावर तार जुळविण्याचा सराव करतात. आजींनी आपला परत घेतला नाही. “घरी तो गवसणीतच राहील,” म्हणाल्या. दर सोमवारी प्रार्थनेपूर्वी त्यांची नात तो जुळविते, दोरा सरकविते, आणि बाई मागे उभ्या राहून काही न बोलता ऐकतात.