हायब्रिड सेडानचे रूप आणि तिचा ग्राहक

प्रश्न : आलिशान हायब्रिड सेडान बाहेरून साध्या पेट्रोल गाडीसारखीच का ठेवली जाते? त्यामुळे विक्रीला मदत होते का?

उत्तर : टोयोटाने 2003 मध्ये आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या प्रियस या हायब्रिड गाडीला हवेचा रोध कमी व्हावा म्हणून मागे उतरत जाणारे छप्पर आणि एकदम छाटल्यासारखा पार्श्वभाग दिला, आणि अमेरिकेतील अनेक ग्राहकांनी तिचे हे वेगळेपणच पर्यावरणाविषयीच्या आस्थेची खूण म्हणून मिरवले. याच कंपनीच्या लेक्सस ईएस 300 एच या गाडीचा ग्राहक मात्र शांतता आणि मागच्या आसनावरील ऐसपैस जागा यांसाठी पैसे मोजतो. त्याला तंत्रज्ञानाचे प्रदर्शन नको असते. म्हणूनच 2018 मध्ये सादर झालेल्या सातव्या पिढीत डमरूसारखी मध्ये आवळलेली, उभ्या पट्ट्यांची जाळी पेट्रोल व हायब्रिड या दोन्ही प्रकारांना सारखीच लाभली, आणि हायब्रिडची ओळख प्रामुख्याने बोधचिन्हाच्या निळसर छटेपुरती राहिली.

तथापि रूपापेक्षा आतली मांडणी अधिक निर्णायक ठरते. आधीच्या पिढीत मागच्या आसनापाठी असलेली, इंजिनाला साथ देणाऱ्या विद्युत मोटारीची बॅटरी आता आसनाखाली गेल्याने डिकी मोकळी झाली. शिवाय मंद गतीत इंजिन बंद ठेवून केवळ मोटारीवर गाडी सरकते, ते गर्दीच्या रस्त्यावर मागे बसणाऱ्यास लगेच जाणवते. 2020 पासून ही गाडी कर्नाटकातील बिडदी येथे जुळवली जाऊ लागली आणि भारतातील लेक्ससच्या विक्रीत तिचा वाटा मोठा राहिला, यात हा निवांतपणा जाळीच्या आकाराहून महत्त्वाचा मानावा लागतो.