कानशीची मूठ

चिपळूण, सोमवार

चि. बाबू यास काकाचे अनेक आशीर्वाद.

काल रात्री वहिनींचा फोन आला. पाऊस झाला, गौरींची पाठवणी झाली, शेजारच्यांच्या मुलीचं लग्न ठरल्याचं झालं, आणि मग सहज आठवल्यासारखं म्हणाल्या, "बाबूच्या हाताला तीन टाके पडलेत." बाकीचं मी खोदून खोदून काढलं. पार्किंगमध्ये बाईकच्या मागे रंगाची रिकामी बादली आहे म्हणे, तिच्यात हत्यारं. लाईट गेले होते. तू मोबाईल तोंडात धरून पान्यासाठी बादलीत हात घातलास आणि अण्णांच्या बारा इंची कानशीची शेपटी तळव्यात घुसली. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंस ना? वहिनी "घेतलं" म्हणाल्या, पण त्यांचा आवाज खात्रीचा नव्हता.

रात्री दोन वाजता पाणी प्यायला उठलो, तेव्हाही डोक्यात तेच. त्या कानशीला मूठ का नव्हती?

आधी रागावून घेतो. बादली? अरे, भंगारवाला तरी पितळ वेगळं काढतो, लोखंड वेगळं. तू सगळंच एका बादलीत! वर हातोडी, खाली कानस, मध्ये तो माझा व्हर्नियर, आणि सगळ्यावर पार्किंगची ओल. अण्णांची हत्यारांची पेटी कुठे आहे विचारलं, तर म्हणे माळ्यावर, तिच्यात मखराचे खांब आणि लाईटची तोरणं. दादा यात काही बोलणार नाही. त्याने आयुष्यभर बँकेत नोटा मोजल्या, त्याला पाना आणि पक्कड यातला फरक विचारला तर तो मॅनेजरला विचारून सांगेल. पण तुला कळायला हवं होतं. पेटी अण्णांनी दादाला दिली नाही, मलाही दिली नाही. तुला दिली.

मेघवाडीतली खोली तुला धूसर आठवत असेल. दहा बाय बाराची, आणि माणसं सात. तरी कॉटखालची दोन फूट जागा पेटीची. तिथे आईने एकदा तांदळाचा डबा सरकवला होता, तर अण्णा रात्रपाळीहून येऊन, चपला न काढता, आधी डबा बाहेर आणि मग बोलणं. झाकणाच्या आतल्या बाजूला त्यांनी पांढऱ्या रंगाने प्रत्येक हत्याराची आकृती काढली होती, ती अजून असणार. हातोडीची, हॅकसॉची, दोन पकडींची, गुण्याची. चामड्याचे पट्टे ठोकले होते, हत्यार त्यात अडकवायचं. झाकण उघडलं की काय आहे यापेक्षा काय नाही ते आधी दिसायचं. ही युक्ती ते परळच्या रेल्वे वर्कशॉपमधून शिकून आले. पुढे नव्वदच्या दशकात आमच्या कारखान्यात जपानी पद्धतीचं वारं आलं. फळ्यावर हत्यारांच्या सावल्या रंगवा, जागच्या जागी ठेवा, असं शिकवायला सुटाबुटातले लोक आले. मी मागच्या बाकावर बसून मनात म्हणायचो, या, आमच्या कॉटखाली या एकदा.

आणि ही काही जुन्या लोकांची खोड नव्हे. तुमच्या चौदाव्या मजल्यावरून विमानं दिसतात ना? त्यांच्या देखभालीत आजही हेच चालतं. हत्यारांच्या कप्प्यात फोम, फोममध्ये प्रत्येक हत्याराच्या आकाराचा खळगा. काम संपलं की मोजणी. एक पाना कमी भरला तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. आमच्याकडे टूलरूमच्या खिडकीत पितळी बिल्ला दिला की पाना मिळायचा, पाना परत दिला की बिल्ला. माझा नंबर १४७. सुटीचा भोंगा झाल्यावर बिल्ला खिळ्यावर लटकलेला दिसला की समजायचं, आज आपण कुणाचंतरी काहीतरी विसरलोय.

त्या कानशीबद्दल सांगतो. बास्टर्ड फाईल म्हटल्यावर तू लहानपणी किती हसला होतास! दात फार भरड नाहीत, फार बारीक नाहीत, म्हणून ते नाव. अंधेरीच्या आयटीआयत आम्ही सुरुवातीचे कित्येक आठवडे नुसतं कानसकाम केलं. लोखंडाचा ठोकळा शेगड्यात धरायचा, घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की परत घास. दोन्ही तळव्यांना घट्टे पडले होते. पण रक्त नाही आलं कधी, कारण मूठ नसलेली कानस हातात घ्यायची नाही हा पहिल्या दिवसाचा नियम. घासताना कानस अडली की हात पुढे जातो आणि शेपटी तळव्यात. ती शेपटी असतेच मुठीत ठोकायला, म्हणून टोकदार. तुझ्या बाबतीत घासणंही नव्हतं, नुसतं चाचपणं होतं. म्हणजे बघ.

कानस कानशीवर आपटू द्यायची नाही. पोलाद इतकं कडक केलेलं असतं की दात ठिसूळ होतात, दुसऱ्या कानशीनेच तुटतात. हातोडीबरोबर बादलीत टाकलेली कानस महिन्याभरात नुसती पट्टी होते. वहिनींच्या जुन्या साडीची, खिसे शिवलेली गुंडाळी कर, एका खिशात एक. दातांत किस अडकला तर तारेच्या ब्रशने दातांच्या दिशेने झाड, आडवा नको. वापरण्याआधी खडू फिरव, किस धरत नाही. आणि तेल इतर सगळ्याला लाव, कानशीच्या दातांना नको. घसरते.

पान्यांचं एक ध्यानात ठेव. तुझ्याकडे दोन जातींचे पाने आहेत. अण्णांचे सुती, म्हणजे इंचातले, आणि माझे मिलिमीटरवाले, सहा-सातपासून वीस-बावीसपर्यंत आठ. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. त्यावर तेराचा पाना बसल्यासारखा वाटतो, जोर लावला की नटाचे कोपरे मारले जातात, आणि मग तो नट काढायला छिन्नी. म्हणून सुती एका कप्प्यात, मिलिमीटर दुसऱ्यात, आकाराच्या क्रमाने. दहा-अकरा हरवला असणार. तो सगळ्यांचाच हरवतो, त्यावर मी रागावत नाही.

व्हर्नियर आणि मायक्रोमीटर त्यांच्या डबीत, तोंडं घट्ट मिटवून न ठेवता किंचित उघडी. पेटीच्या कोपऱ्यात पुरचुंडीत कापूर. अण्णा म्हणायचे, गंज धरत नाही. आई म्हणायची, माझ्या देवाचा कापूर हत्यारांना. पण खरा गंज पावसाने येतो त्याहून हातांच्या घामाने येतो. काम झालं की तेलकट फडक्याने एकदा पुसायचं, बस.

फडकं तुला आठवतं का? २६ जुलै २००५. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तो दिवस. आपल्या खोलीत कंबरेएवढं पाणी, आणि पेटी कॉटखाली. पाणी उतरल्यावर लोक गाद्या, टीव्ही, रेशनचे डबे बाहेर काढत होते, आणि अण्णा ऐंशी वर्षांचे, ओटीवर बसून एकेक हत्यार नळाच्या पाण्याने धुतायत, पुसतायत, रॉकेलमध्ये बुडवतायत. तू सहा वर्षांचा. दोन दिवस त्यांच्यासमोर फडकं धरून बसला होतास. "हे कुठलं?" त्यांनी विचारायचं, तू नाव सांगायचं. गिरमिटाला तू गिरगिट म्हणालास आणि सबंध चाळ हसली. पेटी तुझी झाली ती तेव्हा. पुढच्या वर्षी ते गेले.

म्हणून ती बादली ऐकून मला इतकं लागलं. बरं, ते राहू दे.

एक गोष्ट मी तुला सांगितलेली नाही, दादालाही नाही. १९७९ साल. कारखान्याचं नाव लिहीत नाही, माणसाचंही नाही. छिन्नीचं डोकं हातोडीचे घाव खाऊन खाऊन फुलतं, कडा अळंबीसारख्या बाहेर वळतात. ग्राइंडरवर दोन मिनिटं धरली की काम भागतं. मला दिसत होतं. पण पाच चाळीसची लोकल पकडायची होती, जोगेश्वरीला उतरून मित्रांबरोबर सिनेमाला जायचं होतं. छिन्नी तशीच सामायिक खणात टाकली. दुसऱ्या पाळीच्या हेल्परने ती उचलली. तिसऱ्या घावाला कपची उडाली ती त्याच्या डाव्या डोळ्यात. कुणी विचारलं नाही की आधी कोणी वापरली होती. मीही सांगितलं नाही. तो पुढे वीस वर्षं त्याच खात्यात होता. मुलगी झाली तेव्हा पेढे घेऊन आला, आणि पेढा माझ्या हातावर ठेवताना मान सगळी वळवून उजव्या डोळ्याने बघितलं. सिनेमा कुठला होता ते मला आठवत नाही.

लहानपणी रविवारी अण्णा आम्हाला जोगेश्वरीच्या गुंफेत न्यायचे. सहाव्या शतकातलं काम, सगळा डोंगर छिन्नी-हातोडीने पोखरलेला. लोक देवीला नमस्कार करायचे, अण्णा खांबांकडे बघत उभे. म्हणायचे, मूर्ती घडवणाऱ्याचं कौतुक सगळे करतील, पण त्याच्या छिन्नीला रोज पाणी देणारा लोहार कोण होता ते कोणी विचारत नाही. मला तेव्हा भूक लागलेली असायची. १९७९ नंतर गुंफेत गेलो की तो लोहारच आठवायचा. त्याने एखाद्या दिवशी घाई केली असती तर?

तुझ्याकडे तीन छिन्न्या आहेत. त्यांची डोकी बघून ठेव. डाव्या हाताने.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. त्या कानशीला मूठ का नव्हती? मला माहीत आहे. ती मी काढली. २०१६ ला निवृत्त होऊन इकडे यायला निघालो तेव्हा वाटलं, गावी कोयत्याला धार लावायच्या कानशीला मूठ नाही, अण्णांची बसते का बघू. ठोकून काढली आणि पिशवीत टाकली. मनात म्हटलं, जाता जाता मशीदला उतरून नागदेवीच्या बाजारातून नवीन आणतो आणि लावतो. एका मुठीला किती लागतात? दोन चहांचे पैसे. त्या दिवशी सामान फार होतं. नंतर येणं झालं ते बारशाला, लग्नाला, दादाच्या मोतीबिंदूला. नऊ वर्षं झाली. म्हणजे ती शेपटी उघडी ठेवली मी, आणि बादलीवरून तुला सुनावतोय. सकाळपासून हे पान तीनदा लिहायला घेतलं, तीनही वेळा बादलीपाशीच थांबलो.

मूठ आता समोर टेबलावर आहे. शिसवी, पुढे पितळी वळं, आणि अंगठ्याच्या जागी खळगा. तो अण्णांच्या अंगठ्याचा. माझा त्यात नीट बसत नाही, मोठा पडतो. तुझा बसेल असं वाटतं. तुझे हात त्यांच्यासारखे आहेत, हे आई तू दोन महिन्यांचा असल्यापासून म्हणायची.

तू बाईक स्वतः उघडतोस, चेन स्वतः बसवतोस हे वहिनी तक्रारीच्या सुरात सांगतात. मला ते ऐकून किती बरं वाटतं ते मी त्यांना सांगत नाही. टाके पडले म्हणून हत्यारं सोडू नकोस. आणि ते एकशे आठ तुकड्यांचं ड्रिल मशीन घेतलंयस, ते घेतलंस ते चांगलंच केलंस, मलाही दाखव.

शनिवारी रात्री तुतारी एक्स्प्रेसमध्ये बसतो, रविवारी सकाळी दादरला उतरेन. न्यायला येऊ नकोस, मला लोकल कळते. मूठ रुमालात गुंडाळून आणतोय, कुळथाचं पीठ आणि उकडे तांदूळही आहेत. मूठ बसवताना कानशीवर हातोडी मारायची नसते, शेपटी भोकात घालून मुठीचा बुंधा लाकडावर आपटायचा असतो, ते आल्यावर दाखवतो. खंडेनवमी जवळ आलीय, त्याआधी पेटी लागली पाहिजे. ती माळ्यावरून तू एकट्याने उतरवू नकोस, एका हाताने जमायची नाही. दोघं मिळून उतरवू. तोरणं कुठे ठेवायची तेवढं वहिनींना विचारून ठेव.

तुझा,
काका

ता. क. : इंजेक्शनच्या कागदाचा फोटो काढून मला पाठव. वहिनींना तू काय सांगतोस ते मला ठाऊक आहे. तुझ्या वयाचा असताना आईला मीही तेच सांगायचो.