यकृताचा तुकडा तपासणे

आपल्या पोटात उजव्या अंगाला, बरगड्यांच्या आड, एक मोठा अवयव असतो. त्याचे नाव यकृत. दवाखान्यात त्याला लिव्हर म्हणतात. खाटकाकडे कलेजी मिळते ना, ते बोकडाचे यकृतच असते. मोठ्या माणसाचे यकृत सुमारे दीड किलो भरते. ते पित्त तयार करते, साखर साठवते, पोटात गेलेली औषधे आणि विषे निवळते. जखम झाली की रक्त गोठते, त्याला लागणारे पदार्थही यकृतच तयार करते. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचे काम पडणार आहे.

कधी कधी डॉक्टर म्हणतात, “बायोप्सी करावी लागेल.” बायोप्सी म्हणजे अवयवाचा लहानसा तुकडा काढून तपासणे. पण घरी निरोप जातो तो असा, की काळजाचा तुकडा काढणार आहेत! काळजाचा तुकडा आपण पोटच्या लेकराला म्हणतो. मग घरात रडारड सुरू होते. कोणी म्हणतो, पोट फाडणार. कोणी म्हणतो, माणूस उठायचा नाही. रोगी दवाखान्यातून पळून येतो आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे जाऊन बसतो. तिथे हात चुन्याच्या पाण्याने धुतात, पाणी पिवळे होते, आणि रोग मात्र आत तसाच राहतो. पाणी पिवळे झाले म्हणजे कावीळ उतरली, असे मुळीच नाही.

तुकडा केवढा असतो, ते आधी पाहू. शिवणाच्या जाड दोऱ्याएवढा बारीक आणि दोन-तीन सेंटिमीटर लांब. म्हणजे बोटाच्या एका पेरापेक्षा जास्त नाही. साऱ्या यकृताचे पन्नास हजार भाग केले, तर त्यातला सुमारे एक भाग. एवढ्याने यकृताचे काही कमी होत नाही.

मग तुकडा काढायचाच कशाला? रक्त तपासून कळत नाही का? पुष्कळ वेळा कळते. रक्ताची तपासणी आणि सोनोग्राफी आधी करतातच. यकृत किती कडक झाले आहे, हे बाहेरून मोजणारे यंत्रही आता मोठ्या दवाखान्यांत आहे. म्हणून पूर्वीइतक्या रोग्यांना आता बायोप्सी लागत नाही. पण कावीळ हा स्वतः रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे. ताप जसा अनेक कारणांनी येतो, तशीच कावीळही. विषाणूने यकृत सुजते, दारूने सुजते, चरबी साचून सुजते, एखाद्या औषधाने सुजते. कधी शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच उलटून स्वतःच्या यकृतावर चालून जाते. प्रत्येकाचा इलाज निराळा. कारण पक्के कळले नाही तर इलाज अंदाजाने करावा लागतो.

एक उदाहरण सांगतो. कोरोनाच्या साथीत, 2020 साली, पुष्कळ लोक रोज गुळवेलीचा काढा पीत होते. त्या वर्षाच्या अखेरीस मुंबईच्या डॉक्टरांकडे कावीळ झालेले सहा रोगी आले. सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. त्यातल्या काहींच्या यकृताचा तुकडा तपासला, तेव्हा आतली सूज कोणत्या प्रकारची आहे ते दिसले. डॉक्टरांनी 2021 साली हे छापून प्रसिद्ध केले. सरकारच्या आयुष मंत्रालयाला ते पटले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल त्यांनी घेतली असेल, असे मंत्रालयाचे म्हणणे पडले. तो वाद राहू द्या. आपण एवढे करावे की काढा, चूर्ण, भस्म, जडीबुटी जे काही घेतले असेल ते डॉक्टरांना सांगावे. लाजू नये. डॉक्टर रागावले तर घटकाभर रागावतील.

आता तपासणीच्या आधी काय होते ते पाहू. तुमचे रक्त नीट गोठते की नाही, हे तपासतात. यकृत आजारी असले की रक्त गोठायला वेळ लागतो, आणि सुई तर यकृतातच घालायची असते. हृदयाच्या दुखण्यासाठी किंवा लकव्यानंतर रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या चालू असतील, अंगदुखीच्या गोळ्या घेत असाल, तर आधीच सांगा. गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून न्या, म्हणजे नावे आठवत बसायला नको. गोळी किती दिवस थांबवायची हे डॉक्टर सांगतील. आपल्या मनाने बंद करू नका, त्यातही धोका असतो. साधारण सहा तास उपाशी राहायला सांगतात. मधुमेह असेल तर उपाशीपोटी औषध घ्यायचे की नाही, ते विचारून घ्या.

मग एक कागद पुढे येतो. त्याला संमतीपत्र म्हणतात. आजवर आपण काय करत आलो? अंगठा पुढे केला, शाई लावली, काम झाले. आता तुम्हांला वाचता येते. कागद हातात घ्या आणि म्हणा, “डॉक्टरसाहेब, वाचून सही करतो.” मराठीत नसेल तर मराठीत सांगायला लावा. तपासणी कशासाठी, धोका कोणता, दुसरा मार्ग आहे का, नाही केली तर काय होईल, हे चार प्रश्न विचारा. हा उद्धटपणा नव्हे. रोग्याला समजेल असे सांगूनच संमती घ्यावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली दिला आहे. माझ्या ओळखीच्या एका मावशींनी एवढे विचारले, तेव्हा नर्सबाईंनी स्टूल ओढून त्यांना सगळे समजावले. कामाच्या धांदलीत कोणी आपण होऊन सांगेलच, असे नाही.

प्रत्यक्ष तपासणी लवकर आटोपते. पाठीवर निजवतात, उजवा हात डोक्याकडे घ्यायला सांगतात. सोनोग्राफीने जागा पाहतात. बरगड्यांच्या मधली कातडी औषधाने पुसून भुलीचे इंजेक्शन देतात. त्याची चुणचुण होते, मग जागा बधिर होते. तुम्ही जागेच असता. डॉक्टर म्हणतात, “श्वास सोडा आणि धरून ठेवा.” तेवढ्यात सुई आत जाते आणि बाहेरही येते. इटलीच्या मेंघिनी नावाच्या डॉक्टरांनी 1958 साली ही एका सेकंदाची रीत प्रसिद्ध केली. आजच्या काही सुयांना स्प्रिंग असते, तिचा टक् असा आवाज येतो. दचकू नका. त्या क्षणी खोकला आला किंवा श्वास घेतला तर यकृताला ओरखडा जाऊ शकतो. म्हणून आदल्या दिवशी बाजेवर पडून श्वास सोडून धरण्याचा सराव करा. टाका घालत नाहीत, नुसती पट्टी लावतात. पोटात पाणी झाले असेल किंवा रक्त गोठत नसेल, तर मानेच्या शिरेतून बारीक नळी नेऊन तुकडा काढतात.

त्यानंतरचे काही तास मात्र महत्त्वाचे. काही तास पडून राहावे लागते, कित्येकदा उजव्या कुशीवर. नर्स घडोघडी नाडी आणि रक्तदाब पाहते. उजव्या खांद्यात दुखते, तेव्हा लोक चकित होतात. सुई पोटात आणि दुखणे खांद्यात! यकृताच्या वरच्या पडद्याची आणि खांद्याची कळ एकाच वाटेने मेंदूकडे जाते, म्हणून असे होते. थोडे दुखणे पुष्कळांना होते. जास्त रक्तस्राव शंभरात एकालाही होत नाही. पण झालाच तर जिवाशी गाठ असते, म्हणून निजून राहायचे. मला काही होत नाही म्हणून उठून चहाला जायचे नाही.

बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. पण गाव लांब असेल तर संध्याकाळची एस.टी. धरू नका. पहिली रात्र दवाखान्याजवळ, पाहुण्याकडे किंवा धर्मशाळेत काढा. सोबत माणूस हवा. आठवडाभर पोते उचलायचे नाही, मोट-नांगर नाही, मोटारसायकलवर खड्ड्यांतून हिंडणे नाही. अंगदुखीची गोळी विचारल्याशिवाय घ्यायची नाही. पोटात, छातीत किंवा खांद्यात दुखणे वाढत गेले, चक्कर येऊन घाम फुटला, दम लागला, थंडीताप आला, संडास डांबरासारखी काळी झाली किंवा उलटीत रक्त पडले, तर सकाळची वाट पाहू नका. रात्री 108 ला फोन करा आणि दवाखाना गाठा.

तो तुकडा औषधात बुडवून प्रयोगशाळेत जातो. तिथे त्याचे अगदी पातळ काप करून रंग देतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. अहवाल यायला काही दिवस लागतात. त्यात सूज किती आणि यकृतात वण किती पडले, हे लिहिलेले असते. वणांची पायरी बहुधा 0 ते 4 अशी आकड्यांत देतात. 0 म्हणजे वण नाही, 4 म्हणजे यकृत गाठाळ आणि कडक झाले. अधल्यामधल्या पायरीवर कारण दूर केले, तर यकृत पुष्कळ सावरते. हा आकडा तुम्ही स्वतः कागदावर शोधा, आणि त्यावर बोट ठेवून डॉक्टरांना विचारा की पुढे काय करायचे.